उरलेल्या सागाच्या आणि प्लायच्या तुकड्यांतून संक्रांतीचं वाण – काय करता येईल?

नौपाड्याची चिमणी

घरातलं फर्निचरचं काम एकदाचं संपलं. मिस्त्री जाताना दोन पोती तुकडे टाकून द्यायला निघाले होते, ते मी ठेवून घेतले. त्यात सागाच्या लिपिंगच्या, म्हणजे प्लायच्या कडांना लावतात त्या, पट्ट्या आहेत (साधारण दीड इंच रुंद, काही हातभर लांब, काही वीतभर), १८ आणि १२ मिमी प्लायचे चौकोन-त्रिकोण आहेत, थोडं बीचचं लाकूड आहे. शिवाय आईची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, तिथल्या दाराच्या सागाच्या चौकटीचे दोन तुकडे भावाने आणून टाकलेत. त्यावर ऑइलपेंटचे थरच्या थर आहेत.

यंदा हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या वाटायच्या नाहीत असं ठरवलंय. साधारण ३० जणींसाठी हाताने केलेलं काहीतरी लाकडी द्यायचं आहे. माझ्याकडे हातकरवत, घरगुती ड्रिल, दोन सी-क्लॅम्प आणि पॉलिश पेपर एवढंच आहे. शाळेत असताना बाबांच्या हाताखाली थोडं शिकलेय, अगदीच कोरी नाही.

डोक्यात उलथणी, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या, छोटे पाट, फोन ठेवायचे स्टँड, दिव्यांचे ठोकळे असं सगळं फिरतंय. कुठून सुरुवात करू? रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, पण नोकरी सांभाळून करायचंय.

कोलशेतकर

वा, चांगला विषय. वाचनखूण साठवली.
फोटो टाका हो. फोटोशिवाय लाकूडकामाचा धागा म्हणजे हळदीशिवाय कुंकू.

जुनी करवत

चिमणीताई, यादी आधी बाजूला ठेवा. पोती जमिनीवर रिकामी करा आणि ढीग लावा: लांब पट्ट्या एकीकडे, वीतभरचे ठोकळे दुसरीकडे, प्लाय तिसरीकडे. मग बघा, कुठल्या मापाचे तुकडे सगळ्यात जास्त आहेत. तीस नग एकसारखे करायचे असतील तर वस्तू त्या ढिगानेच ठरवायची. आधी उलथणं ठरवलंत की पाचव्या नगाला लाकूड संपतं, मग बाजारातून नवीन पट्टी येते, आणि उरलेल्याचा उपयोग करायचा हा मूळ हेतूच बाजूला पडतो.

तुमच्या वर्णनावरून ढीग दीड इंची सागाच्या पट्टीचा निघणार. त्या रुंदीत उलथणं नीट होत नाही, पातं अरुंद पडतं. किल्ल्यांची पट्टी होईल, पण तिला हुक विकत आणावे लागतील. मला विचाराल तर हळदकुंकवाची कोयरी करा. आंब्याचा आकार राहू द्या, साधा लांबट ठोकळा, त्यात दोन गोल खड्डे, खड्ड्यांत स्टीलच्या दोन चिमुकल्या वाट्या. वाट्या हव्यातच, कारण हळद उघड्या लाकडात मुरते आणि पुन्हा निघत नाही. पट्टी पातळ असेल तर दोन पट्ट्या एकावर एक चिकटवून जाडी करायची.

आता हिशोब. नग १० सेंमी लांब धरला तर ३० नगांना ३ मीटर पट्टी लागते. करवतीचं पातं दर कापाला दीड-दोन मिमी खातं, ते ६ सेंमी धरा. दोन्ही टोकांचं फाटलेलं लाकूड वगळा. एवढी पट्टी तुमच्या पोत्यात नक्की असेल.

आणि एक गोष्ट, जी नवे लोक हटकून उलटी करतात: आधी तुकडे पाडायचे नाहीत. वीतभर ठोकळा हातात धरून ड्रिल मारणं धोक्याचं आहे. बिट अडकला की ठोकळा गरकन फिरतो आणि बोटांवर येतो. पट्टी लांब असतानाच क्लॅम्पला आवळा, सगळे खड्डे पाडून घ्या, कडा गोल करा, पॉलिश पेपर मारा, आणि शेवटी कापा. मग प्रत्येक नगाची फक्त दोन टोकं घासायची उरतात. मेहनत निम्म्यावर येते.

तुर्भ्याचा हमाल

सागाचं एवढं कौतुक कशाला? आमच्या पट्ट्यात, महापे-रबाळे-पावण्याच्या कंपन्यांबाहेर, पाइनचे पॅलेट ढिगाने पडलेले असतात. वॉचमनला विचारलं की देतात. मऊ लाकूड, खिळा पटकन जातो, रंग छान बसतो. ट्रे, पाट, उलथणी, सगळं होतं.

सुतारपक्षी

पॅलेट घ्या, पण शिक्का वाचून घ्या. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाचा कोड (आपला असेल तर आयएन) आणि पुढे दोन अक्षरं असतात. एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं असतं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तो पॅलेट घरात आणायचा नाही. देशांतर्गत मालाच्या पॅलेटवर बहुतेक वेळा शिक्काच नसतो, म्हणजे त्याला काय लावलंय ते कोणालाच माहीत नाही.

आणि एचटी लिहिलेलं असलं तरी त्याची उलथणी नकोत. तापवल्याने कीड मरते. त्यावर कुठल्या केमिकलचा ड्रम ठेवला होता आणि तो किती गळला, हे शिक्का सांगत नाही. टीटीसीच्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यात केमिकलचे कारखाने किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तुर्भ्याचा हमाल

बरं, उलथणी नाही. पण कुंड्यांचा स्टँड आणि चपलांचं रॅक करायला हरकत नाही ना?
आणि मार्च ते मे आमच्याकडे फळबाजारात आंब्याच्या रिकाम्या पेट्या मिळतात, त्या? त्यात तर खायचंच ठेवलेलं असतं.

सुतारपक्षी

स्टँड खुशाल करा.
पेटीची फळी पातळ आणि ओबडधोबड असते, खिळे मारताना अर्धी फाटलेली असते. फोटोफ्रेमची पाठ, रोपांचे खोके एवढ्यापुरती ठीक. पण खिळे काढताना डोळ्यांना चष्मा लावा. ते बारीक खिळे तुटून उडतात.

घोडबंदरची गाठ

चौकटीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. ताई, त्या ऑइलपेंटला पॉलिश पेपर लावू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. जुन्या बिल्डिंगची चौकट म्हणजे त्याच्या कितीतरी आधीचे थर, एकावर एक. कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते, आणि रांगतं मूल असेल तर थेट त्याच्या तोंडात जाते. हीट गनने जाळून काढणंही वाईटच, धूर होतो.

मग काय करायचं? चौकट साधारण चार बाय अडीच इंचाची असते आणि रंग फक्त वर असतो. चारही बाजूंनी रंगासकट पातळ फळी करवतीने उतरवून टाकायची, आतला साग सोन्यासारखा निघतो. पण हातकरवतीने दोन-तीन फूट उभं चिरायचं म्हणजे अख्खा रविवार जातो. आणि सॉ मिलवाले जुनं लाकूड घेत नाहीत, कारण आत तुटलेला खिळा असला की त्यांचं पातं जातं. त्यांचंही बरोबरच आहे. आधी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सगळीकडून फिरवून बघा. खिळे काढलेत असं दाखवलंत तर एखादा तयार होतो.

खरं सांगू, यंदाच्या वाणासाठी चौकट सोडून द्या. पुढे देवघरासाठी ठेवा. इतका जुना, पूर्ण वाळलेला साग आता विकत घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील.

नौपाड्याची चिमणी

बापरे, शिशाचं अजिबात लक्षात नव्हतं. चौकट गच्चीवर झाकून ठेवली.

पोती रिकामी केली. करवतकाका, तुमचं बरोबर निघालं, सागाच्या पट्ट्या पुरून उरतील. कोयरीच करते. पण बीच आणि प्लायचं काय? आणि सागाच्या काही पट्ट्यांना एका कडेला पिवळट पांढरा पट्टा आहे, त्यातल्या एकीला टाचणीएवढी भोकं आहेत. चालेल का?

जुनी करवत

भोकं असलेली पट्टी आजच्या आज घराबाहेर काढा. हातावर आपटून बघा, मैद्यासारखी बारीक पूड पडली तर कीड अजून आत आहे. पांढरा पट्टा म्हणजे सालीकडचं कोवळं लाकूड. त्यात पिष्ट असतं आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्याला तेच हवं असतं. सागाला कीड लागत नाही असं लोक छातीठोकपणे सांगतात, ते गाभ्याच्या तपकिरी लाकडाबद्दल खरं आहे, या पांढऱ्याबद्दल नाही. मिस्त्री लोक लिपिंगमध्ये तो पट्टा बेमालूम खपवतात, वर स्टेन मारला की कळत नाही. तुम्ही मात्र कापून टाका. तीस घरांत वाणाबरोबर कीड वाटायची नाही.

बीच घट्ट, बारीक पोताचं असतं, त्याची उलथणी सुरेख होतात. पण लाकडाच्या शिरा उलथण्याच्या लांबीनेच गेल्या पाहिजेत. तुकडा बसत नाही म्हणून आडवा घेतलात तर दांडा पहिल्याच उपम्याला मोडणार.

प्लाय स्वयंपाकघरात अन्नाला लागेल अशा कशालाही नको. थरांमधला गोंद फॉर्मल्डिहाइडवाल्या रेझिनचा असतो. आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का असला तरी तो पाण्यात टिकण्यासाठी आहे, ताटात ठेवण्यासाठी नाही. फोन स्टँड, पुस्तकांचे टेकू, मुलांची कोडी करा.

मंद आच

साग चिकटवायचा असेल तर एक. साग मुळात तेलकट असतो, त्यामुळे कधीकधी फेव्हिकॉल धरतो असं वाटतं आणि महिन्याने सांधा उघडतो. चिकटवायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग ताजे घासा, थिनरच्या फडक्याने पुसा, उडून गेलं की लगेच फेव्हिकॉल लावून क्लॅम्प करा. दोन क्लॅम्प पुरत नसतील तर सायकलची जुनी ट्यूब कापून ताणून गुंडाळा, मस्त दाब येतो. रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच त्यावर करवत चालवा.

सागात सिलिकाही असते, पातं लवकर बोथट होतं. म्हणून बीच आधी कापा, साग नंतर.

कोलशेतकर

हे सगळं वाचून असं वाटतंय की वाणात गूळ-तीळ द्यावा आणि मोकळं व्हावं :)

घोडबंदरची गाठ

@कोलशेतकर, तुम्हाला कोणी बोलावलंच नाहीये हळदीकुंकवाला. (हलकेच घ्या.)

वाशीकर आजोबा

नमस्कार. मी निवृत्त, हा छंद बरीच वर्षं आहे. आता फिनिशिंगकडे वळू, कारण मुलींनो, वस्तू बिघडते ती इथे.

कोयरीसाठी चपडी लाख सगळ्यात उत्तम. हार्डवेअरच्या दुकानात चपडी मिळते, स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायची, गाळायची आणि सुती कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हात द्यायचे. फ्रेंच पॉलिश म्हणतात ते मूळ हेच. पटकन वाळते, सागाचा रंग उजळतो, वासही राहत नाही. फक्त पाणी सांडून राहिलं किंवा गरम भांडं ठेवलं तर पांढरा डाग पडतो. हळदकुंकवाला त्याची अडचण नाही.

उलथण्याला मात्र लाख नको, तिथे तेल. पण स्वयंपाकाचं तेल नको. शेंगदाणा, सूर्यफूल ही तेलं लाकडात नीट वाळत नाहीत, खवट होतात आणि उलथण्याला कुबट वास येतो. खोबरेल तेलाचंही थोड्या उशिरा तेच होतं, आमच्या कोकणी बहिणी रागावतील तरी सांगतो. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला देतात तेच. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशांचं मेण. भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवायचं. कोमट असतानाच लाकडाला चोळायचं आणि रात्रभराने जास्तीचं पुसायचं.

त्याआधी लाकडावर ओला हात फिरवा. तंतू उभे राहतात. वाळलं की ३२० नंबरच्या पेपरने हलकेच घासा. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यात उलथणं खरखरीत होतं.

मंद आच

आजोबा, जवसाचं तेल चालेल की. ते वाळतं.

वाशीकर आजोबा

कच्चं जवस चालतं, पण आपल्या दमट हवेत वाळायला आठवडेच्या आठवडे घेतं. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची द्रव्यं घातलेली असतात. ते खाण्याच्या वस्तूंना लावू नका. आणि जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निघते, चुरगळलेल्या कापडात ती कोंडते आणि आपोआप पेट घेते. कापड पसरून दोरीवर वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. फ्लॅटच्या बाल्कनीत हे लक्षात ठेवाच.

नौपाड्याची चिमणी

मनापासून आभार सगळ्यांचे. लाख करते.

आणखी एक अडचण. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'कोणाकडे ड्रिल चालू आहे?' हा प्रश्न दोन मिनिटांत येतो. दुपारी दोन ते चार बंदीच आहे. संध्याकाळी मी येईपर्यंत साडेसात. काय करू?

जुनी करवत

म्हणूनच हातकरवत. ड्रिलचं काम सगळं एका सकाळी उरकायचं, पट्टी लांब ठेवण्याचा हाही फायदा. ६० खड्डे आहेत, एकेक मिनिट धरा. त्यानंतर घासणं, पॉलिश, बिनआवाजाचं. बाल्कनीच्या कठड्याला क्लॅम्प करू नका, तो घुमतो आणि खालच्यांना वरच्यापेक्षा जास्त ऐकू येतं. जुनी रजई चौपदरी घालून तिच्यावर पाट आणि पाटाला क्लॅम्प.

खड्ड्यासाठी फोर्स्टनर बिट घ्या, तळ सपाट येतो. आधी वाट्या विकत घ्या, मग त्यांचा व्यास मोजून बिट. उलटं केलंत तर त्या मापाची वाटी शोधत जांभळी नाका पालथा घालाल. बिट ठाण्यात मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे बघा, नाही मिळाला तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट. घरगुती ड्रिलला ३५ मिमीच्या वरचा बिट झेपवताना दम लागतो, वेग कमी ठेवा, मधेमधे उचलून भुसा बाहेर काढा. जाळल्याचा वास आला की थांबा.

सुतारपक्षी

मास्क राहिला. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलंय. एका संक्रांतीने काही होत नाही, पण सागाच्या धुळीने कित्येकांच्या अंगाला खाज येते, शिंका येतात. एन९५ लावा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. कापडी मास्क शोभेचा.

निंबोणी

थोडं अवांतर. पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर पडलेल्या गुलमोहराच्या फांद्या आणून ठेवल्यात. त्यांचे दिव्यांचे ठोकळे होतील का? आणि येऊरला फिरायला जातो तिथे छान वाळलेली लाकडं दिसतात...

घोडबंदरची गाठ

येऊरची अजिबात नाही! ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून वाळकी काडी उचलणंही वन्यजीव कायद्यात बसत नाही. आणि ती लाकडं तिथल्या किड्यामुंग्यांची घरं आहेत.

वाशीकर आजोबा

गुलमोहर ठिसूळ, आणि कीड फार लवकर लागते. एवढी मेहनत त्यावर नको. पण कुठलीही ओली फांदी असो, आणल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल फासायचं. टोकाकडून पाणी भराभर उडतं आणि लाकूड ताऱ्यासारखं तडकतं. मग सावलीत, हवेशीर, इंचभर जाडीला वर्षभर असा ढोबळ हिशोब. म्हणजे या संक्रांतीचा नाही, पुढच्या-त्याच्या पुढच्या.

दिव्याचे ठोकळे करायचेच असतील तर चिमणीच्या बीचसारखं वाळलेलं लाकूड घ्या. टी-लाइटची पत्र्याची वाटी साधारण ३८ मिमीची असते, ४० चा खड्डा बरोबर बसतो. वाटी पत्र्याचीच हवी. मातीची पणती थेट लाकडात ठेवली की तेल झिरपतं.

तुर्भ्याचा हमाल

सावंतवाडीची खेळणी कशाची असतात? तसं काही मुलांसाठी?

वाशीकर आजोबा

परंपरेने पांगाऱ्याची. हलकं, मऊ, कोरायला सोपं. तुमच्या पॅलेटच्या पाइनमध्ये ते येणार नाही, पाइनची ढलपी निघते आणि बोटात शिरते. मुलांसाठी बीच घ्या, कडा चांगल्या गोल करा, आणि तोंडात जाईल म्हणून फक्त ते मेण-पॅराफिन.

नौपाड्याची चिमणी

अपडेट: वाट्या मिळाल्या, ३२ मिमीच्या. बिट ३५ चा घेतला, तीन मिमीची ढील बरी पडेल असं वाटतंय. आज पहिल्या लांब पट्टीत खड्डे पाडले, ग्रुपवर प्रश्न यायच्या आत. भुसा एवढा झाला की कामवाल्या मावशी बघतच राहिल्या.

झाकण करू का? सरकतं झाकण मला फार आवडतं.

जुनी करवत

ढील बरोबर ठेवलीत. झाकण करा, पण आत्ता जानेवारीत घट्ट बसवू नका. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि फळी कशी चिरली आहे त्यावर ते हलणं दुपटीपर्यंत बदलतं. आत्ता हवा कोरडी आहे. आज मापात सरकणारं झाकण जुलैत असं आवळून बसेल की तुमच्या तीसच्या तीस मैत्रिणी फोन करतील. रुंदीत मिलिमीटरभर मोकळं ठेवा, खाचेत मेण चोळा.

एवढ्या नगांना खाचा हाताने पाडणं मात्र मोठं काम आहे. माझं मत, यंदा झाकण सोडा.

नौपाड्याची चिमणी

सोडलं :)
वाटीतच कुंकू भरून वर बटर पेपरची चकती लावते.

निंबोणी

माझ्या नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये, कोपरखैरण्याला, बीचचे वीत-दीड वीत तुकडे पोतंभर पडलेत, रंग-गोंद काही नाही. चिमणीताई, तुम्हाला किंवा कोणाला उलथण्यांसाठी हवे असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवा. शनिवारी संध्याकाळी घेऊन जा, पिशवी तुमची आणा.

कोलशेतकर

मी येतो. गूळ-तीळ माझ्याकडून.